यॉर्कची ‘बाइल बीन्स’ भिंत: जपायचं काय, रंग की मजकूर?

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचा मध्ययुगीन तट अजून बराचसा शाबूत आहे आणि त्यावरून फिरता येतं. बूथम बार आणि मंक बार या दोन वेशींमधला टप्पा लोकांच्या विशेष आवडीचा. आतल्या अंगाला यॉर्क मिन्स्टर या भव्य चर्चचे मनोरे दिसत राहतात आणि बाहेरच्या अंगाला खाली लॉर्ड मेयर्स वॉक हा रस्ता. याच रस्त्यावरच्या एका विटांच्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत जाहिरात रंगवलेली आहे. रोज रात्री बाइल बीन्स घ्या. तब्येत ठणठणीत, डोळे तेजस्वी आणि बांधा सडपातळ राहील, असा तिचा मजकूर. तटावरून जाणारे मिन्स्टरचे फोटो काढून झाले की हमखास इकडे वळतात.

बाइल बीन्स नावाच्या गोळ्या 1980 च्या दशकानंतर बाजारात नाहीत. तरीही जाहिरातीतलं अक्षर न् अक्षर रस्त्यावरून वाचता येतं. मूळ रंगकाम 1940 च्या दशकातलं मानलं जातं. पुढे 1980 च्या दशकात ते एकदा पुन्हा रंगवलं गेलं आणि 2012 मध्ये आणखी एकदा. म्हणजे आज दिसते ती जुन्या जाहिरातीवरची नवी जाहिरात आहे. हे प्रकरण निवडलं ते यासाठी की विटांच्या भिंतींवरच्या पुसट जाहिरातींबद्दलचा जवळजवळ प्रत्येक वाद या एका भिंतीवर सापडतो: मूळ रंग राखावा की मजकूर, किती हात लावावा, आणि ज्या मालाची ही जाहिरात तो मालच खोटा असेल तर?

मालापासूनच सुरुवात करू, कारण भिंतीचे फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो भाग ठाऊक असतो.

गोळीची कुळकथा

चार्ल्स फुलफोर्ड हा मूळचा कॅनडाचा. 1890 च्या दशकात त्याने अर्नेस्ट गिल्बर्ट या भागीदाराबरोबर ऑस्ट्रेलियात बाइल बीन्स विकायला सुरुवात केली आणि मग धंदा इंग्लंडमध्ये लीड्सला आणला. जाहिरातीतली गोष्ट अशी होती: चार्ल्स फोर्ड नावाच्या एका शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं निरीक्षण केलं, त्यांना ठाऊक असलेली एक गुप्त वनस्पती शोधून काढली आणि तिच्या अर्कातून ही गोळी सिद्ध केली. पित्त, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, अशक्तपणा, सगळ्यांवर एकच इलाज. असा शास्त्रज्ञ जगात नव्हता आणि अशी वनस्पतीही नव्हती. गोळीत होतं ते कास्कारा, रेवाचिनी, ज्येष्ठमध, पुदिन्याचा अर्क असलं कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं सामान. थोडक्यात, जुलाबाची गोळी. तीसुद्धा सुरुवातीला अमेरिकेतून, डेट्रॉईटच्या एका औषध कंपनीकडून, बनवून घेतलेली.

हे सगळं चव्हाट्यावर आलं ते कंपनीच्याच हावरटपणामुळे. एडिंबरोचा डेव्हिडसन हा औषधविक्रेता स्वतःच्या गोळ्या ‘बाइल बीन्स’ याच नावाने विकत होता. त्याला मनाई करावी म्हणून कंपनी कोर्ट ऑफ सेशन या स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेली. 1905 मध्ये निकाल लागला तो उलटाच. तुमचा धंदाच फसवणुकीवर उभा आहे, तेव्हा त्याला संरक्षण देणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. 1906 मध्ये कंपनी अपीलही हरली. स्वच्छ हातांनी न्यायालयात या, हे तत्त्व आपल्याकडच्या निकालांच्या बातम्यांतही सतत वाचायला मिळतं. त्याचं याहून चोख उदाहरण शोधावं लागेल.

आणि तरीही गोळ्या पुढची सत्तर-ऐंशी वर्षं विकल्या गेल्या! निकालाने मनाई नाकारली होती, विक्री बंद केली नव्हती. आदिवासींची गोष्ट मागे पडली, जाहिरातीचा रोख बायकांकडे वळला, पित्ताऐवजी बांधा आणि कांती आली. यॉर्कच्या भिंतीवरचा मजकूर याच उत्तरार्धातला. 1941 मध्ये ब्रिटनमध्ये अशा औषधांवर घटक छापणं कायद्याने बंधनकारक झालं. गुप्त वनस्पतीचा जमाना कायद्याने संपला, पण ‘सडपातळ’ या शब्दाला कुणी हात लावला नाही. जाता जाता सांगायचं तर याच कंपनीचं झाम-बुक हे मलम जास्त टिकलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर रग्बीच्या मैदानावर धावत येणाऱ्या प्रथमोपचारवाल्याला लोक ‘झामबक’ म्हणू लागले.

रंग टिकतो कसा आणि जातो कसा

विटांवरच्या जुन्या जाहिराती इतकी वर्षं राहतात याचं पहिलं कारण सफेदा. त्या काळचा पांढरा रंग म्हणजे शिशाचा सफेदा, जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटलेला. वीट सच्छिद्र. तेल विटेत मुरतं आणि शिशाबरोबर मिळून कठीण, लवचीक थर बनवतं. काळ्यासाठी काजळी वापरत, तीही उन्हाला दाद देत नाही. गेरूसारखे लोहाचे तांबडे रंग टिकतात, मात्र सेंद्रिय लाल रंग उडतात. निळ्याचंही तसंच: प्रशियन निळा पांढऱ्यात मिसळून फिका केला की उन्हात लवकर मरतो. म्हणून जुन्या भिंतीवर आपल्याला चित्र सबंध दिसत नाही, पांढरी अक्षरं तेवढी उरतात.

याचाच दुसरा परिणाम जास्त गमतीचा आहे. तीच भिंत दर काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीला भाड्याने जायची आणि पेंटर जुन्यावरच नवं रंगवायचा. वरचा थर झिजला की खालच्या जाहिरातीतला सफेदा डोकं वर काढतो आणि चहा, साबण, शाई यांच्या अक्षरांची सरमिसळ होऊन बसते. पाऊस पडून गेल्यावर अशा भिंती जास्त स्पष्ट वाचता येतात. पाणी पृष्ठभागाच्या छिद्रांत भरतं, प्रकाश विखुरणं कमी होतं आणि रंग गडद दिसतात. या जाहिरातींचे फोटो काढणारे म्हणूनच पावसाची वाट बघतात.

रंग जाण्याची कारणं मात्र बहुतेक वेळा रंगात नसतात, भिंतीत असतात. पन्हळ गळते, ओल उतरते, ओलीबरोबर क्षार येतात, पाणी सुकताना त्यांचे स्फटिक विटेच्या कातडीखाली फुगतात आणि विटेचा पापुद्रा रंगासकट गळून पडतो. आपण ज्याला भिंतीला लोणा लागणं म्हणतो तेच हे. यात माणूस भर घालतो. मूळ चुन्याचे सांधे खरवडून कडक सिमेंटचं पॉइंटिंग केलं की ओलीला बाहेर पडायची मऊ वाट राहत नाही, ती विटेतूनच वाट काढते आणि वीट झिजते. वाळूच्या माऱ्याने सफाई केली तर भट्टीत तयार झालेली विटेची कठीण साल जाते, ती परत येत नाही. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून पारदर्शक लेप फासला तर ओल आत कोंडते. जुन्या पाट्यांच्या जतनावर अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने 1991 मध्ये एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात भिंतींवरच्या या पुसट जाहिरातींनाही जागा आहे. वारसा म्हणून त्यांच्याकडे सरकारी नजर वळायला इतकी वर्षं लागली. ब्रिटनमध्ये हिस्ट्री ऑफ अ‍ॅडव्हर्टायझिंग ट्रस्टने अशा जाहिरातींच्या फोटोंचा संग्रह लोकांसाठी खुला केला तो 2010 मध्ये, म्हणजे यॉर्कच्या ताज्या रंगकामाच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

समोरचे पर्याय

यॉर्कमध्ये अक्षरं पुन्हा पुसट झाली तेव्हा काय काय करता आलं असतं?

काहीच न करणं हाही पर्याय आहे आणि जतनाच्या क्षेत्रातले बरेच जाणकार मनातून त्याच बाजूचे असतात. त्यांच्या मते पुसट होणं हा जाहिरातीच्या आयुष्याचा भाग आहे; पन्हळ दुरुस्त करा, सांधे चुन्याने भरा, फोटो काढून नोंद ठेवा आणि रंगाला त्याच्या गतीने जाऊ द्या.

दुसरा पर्याय उरलेला रंग धरून ठेवण्याचा. सुटत चाललेले कण पातळ राळेच्या द्रावणाने विटेला पुन्हा चिकटवायचे, त्यासाठी पॅरालॉइड बी-72 सारखी अ‍ॅक्रिलिक राळ वापरतात. फार तर मोकळ्या जागी, नंतर काढता येईल अशा रंगाने, हलकी भर घालायची. हे काम पेंटरचं नव्हे, संवर्धकाचं. वेळ आणि पैसा दोन्ही खाणारं, आणि शेवटी लांबून बघणाऱ्याला फरक कळतच नाही. वर्गणी देणाऱ्यांना हे समजावणं अवघड जातं.

तिसरा पर्याय वरचे थर काढून मूळ रंगापर्यंत जाण्याचा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कार्टर्सव्हिल गावी यंग ब्रदर्स फार्मसीच्या भिंतीवर कोका-कोलाची 1894 सालची जाहिरात आहे. कंपनीच्या सिरपचा विक्रेता जेम्स काउडन याने ती रंगवली होती, आणि भिंतीवर रंगवलेली कोका-कोलाची ही पहिली जाहिरात मानली जाते. पुढच्या काळात तिच्यावर रंगाचे पंचवीसेक थर चढले होते. ते उतरवून ती उजेडात आणली गेली. तिथे पेय अजून विकलं जातं, कंपनी उभी आहे, त्यामुळे जपणुकीत कंपनीचाही फायदा आहे. बाइल बीन्सच्या मागे असं कुणी नाही.

चौथा पर्याय अलीकडचा आणि मला सगळ्यात आवडलेला: भिंतीला हातच लावायचा नाही. क्रेग विन्स्लो या डिझायनरने जुन्या फोटोंवरून आणि भिंतीवरच्या खुणांवरून मूळ जाहिरात संगणकावर पुन्हा रेखली आणि रात्री प्रोजेक्टरने तंतोतंत तिच्याच जागी प्रकाशात उभी केली. कॅनडातल्या विनिपेगच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत त्याने हे केलं आहे. एकावर एक चढलेल्या तीन जाहिराती असतील तर तिन्ही एकामागून एक दाखवता येतात. ब्रशला हे कधीच जमलं नसतं, त्याला तिघांतली एक निवडून उरलेल्या दोन माराव्या लागतात. खोट एवढीच की दिवसा तिथे काही नसतं.

यॉर्कने निवडला तो पाचवा, सरळ पुन्हा रंगवण्याचा.

पुन्हा रंगवणं म्हणजे नेमकं काय

या कामाकडे ‘त्यात काय, गिरवायचं’ म्हणून बघितलं जातं. ज्याने कधी परांचीवर उभं राहून वीतभर अंतरावरून पुरुषभर उंचीचं अक्षर काढलंय त्याला विचारा. इतक्या जवळून अक्षर दिसतच नाही, फक्त एक वळण आणि खाली रस्ता दिसतो. म्हणून पद्धत ठरलेली. आधी भिंतीचा समोरून, मोजपट्टी धरून फोटो. अक्षरांच्या कडा पुसट असतील तर बाजूने तिरपा प्रकाश टाकून बघतात, रंगाच्या थराची जाडी सावलीत उठून दिसते. त्यावरून कागदावर पूर्ण मापाचा खर्डा. खर्ड्याच्या रेषांवर दातेरी चाक फिरवून बारीक भोकं पाडतात, कागद भिंतीला लावतात आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटतात. रांगोळीच्या भोकाच्या कागदाचंच तत्त्व, फक्त उभ्या भिंतीवर. ओळी सरळ याव्यात म्हणून दोरी मारायची, उभ्या दांड्यांना ओळंबा लावायचा. मग कडा ओढायच्या आणि आतला भाग भरायचा.

कडा ओढतानाच जुना आणि नवा हात वेगळा पडतो. विटेच्या सांध्यात ब्रश अडतो. जुना पेंटर सांध्यावरून जाताना दाब किंचित वाढवून रंग आत ढकलायचा, त्यामुळे खालून रेघ अखंड दिसायची. सवय नसलेला माणूस प्रत्येक सांध्यापाशी थांबतो आणि अक्षराची कड दातेरी होते. अमेरिकेत उंच भिंती रंगवणाऱ्या या फिरत्या पेंटरांना ‘वॉलडॉग’ म्हणत. त्यातल्या बहुतेकांनी भिंतीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं नाही.

रंगाचाही प्रश्न असतो. शिशाचा रंग विषारी. ब्रिटनमध्ये 1992 पासून तो सर्वसाधारण विक्रीतून गेला, आणि भारतात 2016 च्या नियमांनी घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाखांत 90 भागांची मर्यादा घातली. म्हणजे जुन्यासारखाच रंग लावू म्हटलं तरी तो मिळत नाही, आणि मिळू नये हेच बरं. जुना थर कोरडा घासायचा नाही, धूळ फुप्फुसात जाते. नव्यासाठी विटेला श्वास घेऊ देणारे सिलिकेट रंग चांगले, पण ते विटेशी रासायनिक रीतीने एकजीव होतात, पुन्हा काढता येत नाहीत. ‘परत काढता यावं’ हे संवर्धनाचं तत्त्व आणि ‘टिकावं’ ही गावाची मागणी इथे समोरासमोर येतात.

योग्य झालं का?

माझं मत: यॉर्कपुरतं योग्य झालं. ही भिंत 1980 च्या दशकातच एकदा रंगवून झाली होती. 2012 मध्ये मूळ थराचं पावित्र्य राखण्याचा प्रश्न उरलाच नव्हता, तो एक पिढी आधी निकालात निघाला होता. जाहिरातीचं पुन्हा रंगवलं जाणं ही तशीही त्या धंद्याची रीत. कंपनी जिवंत असताना पेंटर दर काही वर्षांनी येतच असे. शिवाय लोकांना हवी आहे ती तटावरून वाचता येणारी ओळ, रंगाचा पापुद्रा नव्हे.

पण हाच न्याय सगळीकडे लावायला निघाल्यास नुकसान होईल. ज्या भिंतीवर पहिल्या पेंटरचा हात अजून उरला आहे, किंवा जिथे तीन जाहिराती एकमेकींत मिसळल्या आहेत, तिथे ताजा रंग म्हणजे पुरावा बुजवणं. वीट आणि रंगाच्या फटीत अडकलेली माहिती (कोणता रंग, किती थर, ब्रश किती रुंद) एकदा झाकली गेली की गेली.

माझी खरी अडचण मजकुराशी आहे. पुसट जाहिरात स्वतःच सांगते की मी जुनी आहे, मला मनावर घेऊ नका. ताजी रंगवलेली तसं सांगत नाही. 1905 मध्ये ज्या धंद्याला न्यायालयाने फसवणूक ठरवलं, त्याचा दावा एकविसाव्या शतकात वारशाच्या कौतुकाने पुन्हा ठळक होतो, आणि चहाच्या कपांवर, पोस्टकार्डांवर शोभतो. गोळी मेली आहे, त्यामुळे कुणाचं पोट बिघडणार नाही हे खरं. ज्या आदिवासींच्या नावावर ती खपवली त्यांचा मात्र या गोड आठवणीत उल्लेखही नाही. माझ्या मते असं रंगकाम हाती घेताना खर्चात एका छोट्या पाटीची तरतूद आधी करावी: माल काय होता, दावा काय होता, निकाल काय लागला. तीन ओळी पुरतात.

आपल्या भिंतींकडे येताना

मुंबईच्या लोकलच्या खिडकीतून ज्यांनी रुळांलगतच्या भिंती वाचल्या आहेत त्यांना बाइल बीन्सची भाषा परकी वाटणार नाही. गुप्तरोग, मूळव्याध, टक्कल, ‘शर्तिया इलाज’. चुन्यावर निळ्या-लाल अक्षरांत मैलोन् मैल. आपल्याकडे 1954 चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, आणि ज्या विकारांवर इलाजाचा दावा करायला त्यात बंदी आहे त्या यादीत लठ्ठपणाही आहे. ‘सडपातळ ठेवतात’ ही ओळ इथे आज विकाऊ गोळीसाठी रंगवली तर पेंटरच्या आधी कंपनीवाल्याला पोलिस विचारतील, निदान कायद्याने विचारायला हवं. भिंतींच्या विद्रूपीकरणाविरुद्ध महाराष्ट्राचा 1995 चा कायदा वेगळाच.

आपल्याकडे यॉर्कसारख्या भिंती कमी का उरल्या याचं उत्तर बरंचसं बांधकामात आहे. तिकडे वीट उघडी ठेवतात, रंग थेट विटेत मुरतो. आपण गिलावा करतो, वर चुना मारतो. रंग गिलाव्यावर बसतो आणि चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे त्याला घेऊन खाली येतात. त्यातून वाचलं तर दिवाळीआधीची रंगसफेदी आहेच. मग फ्लेक्स आला आणि भिंत रंगवणारा पेंटर नंबरप्लेट आणि ट्रकच्या पाठीपुरता उरला.

तरीही जुन्या गिरण्यांच्या, गोदामांच्या, बाजारपेठेतल्या दुकानांच्या उघड्या विटांवर एखादं नाव, एखादा छाप अजून दिसतो. असं काही नजरेस पडलं तर पेंटर बोलावण्याआधी करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. मालकाची परवानगी घ्यावी. समोरून, पट्टी धरून फोटो काढावेत. एकदा कोरड्यात, एकदा पावसानंतर, एकदा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. वरची पन्हळ आणि मागचा नळ तपासावा. सिमेंटने सांधे भरायला निघालेल्या मिस्त्रीला थांबवून चुना वापरायला सांगावं. इमारत वारसा यादीत असेल तर पालिकेच्या वारसा समितीला विचारल्याशिवाय ब्रश लावू नये. आणि त्या गल्लीत एखादा म्हातारा बोर्ड पेंटर अजून असेल तर त्याला भिंतीसमोर उभं करून विचारावं, हे अक्षर कुणाच्या हातचं वाटतं. त्याचं उत्तर लिहून घ्यावं, आणि त्याच्याच हस्ताक्षरात त्या अक्षराचा कागदावर एक खर्डाही करून घ्यावा.